चार चाकांची ओढ

मी जुनी जीप घेणार आहे ही बातमी आर्वीत कशी फुटली, हे मला आजवर कळलेले नाही. मी ती फक्त घरात बोललो होतो. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी गालावर वस्तरा फिरवता फिरवता न्हाव्याने विचारले, "डिझेल पाहून राह्यले की पेट्रोल, डॉक्टरसाहेब?" वस्तरा गळ्याशी असताना कोणत्याही प्रश्नाला नकारार्थी उत्तर देऊ नये असा माझा नियम आहे. मी "डिझेल" म्हणालो. दुपारपर्यंत ते डिझेल औषधाच्या दुकानात पोचले होते, आणि संध्याकाळी एक निवृत्त मास्तर काठी टेकत मुद्दाम घरी आले. "जुनी मोटार म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे," एवढे सांगून आणि चहा घेऊन ते गेले. त्यानंतर महिनाभर सल्ल्यांची झड लागली. कोणी म्हणे, हप्त्यावर नवी घ्या. कोणी म्हणे, त्यापेक्षा ट्रॅक्टर घ्या आणि त्याच्यावरच बसून हिंडा. लोक हसतील, पण पोचाल. एकाने तर सरळच विचारले, "ढोराच्या डॉक्टरले जीप काहून पाह्यजे? मोटारसायकलीनं काय घोडं मारलं?"

या शेवटच्या प्रश्नात तथ्य होते. मी गुरांचा डॉक्टर. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तीन तालुक्यांत माझी पायपीट चालते. बावीस वर्षे मी मोटारसायकलीवर काढली. एका बाजूला औषधांची पिशवी, दुसऱ्या बाजूला दोर आणि गमबूट, आणि मागच्या सीटवर, नवऱ्यामुलामागे करवली बसावी तसे, द्रवरूप नायट्रोजनचे भांडे. त्यात उणे 196 अंशांवर उत्तमोत्तम वळूंचे वीर्य गोठवून ठेवलेले असते. गचका बसला की झाकणातून पांढरी वाफ निघे आणि रस्त्यावरची पोरे "गाडी पेटली, गाडी पेटली" म्हणून मागे धावत.

मोटारसायकलीचे सुख आठ महिन्यांचे. पुढचे चार महिने काळ्या मातीचे. ज्याने ही माती फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिली आहे, त्याला ती कापसाची जमीन म्हणून ठाऊक असते. आम्हांला ती चाकाच्या बाजूने ठाऊक आहे. वैशाखात तिला हात घालावा एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या सरी पडल्या की ती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती सोडत म्हणून नाही. चप्पल बुडाली की पाय वर येतो, चप्पल येत नाही. मोटारसायकलीचे चाक दोन फेऱ्यांत मातीने भरते, मडगार्डच्या आत गच्च बसते, आणि चाक फिरायचेच थांबते. म्हणून इकडची माणसे पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढूनच ठेवतात. मग माती चाकात न राहता तोंडावर येते, एवढाच फरक.

त्यात पांदण! दोन शेतांच्या मधून जाणारी ही बंडीवाट पिढ्यान्‌पिढ्या चाकांनी खोल झालेली असते. दोन्ही बाजूंची शेते उंच, ही खाली. त्यामुळे पाऊस पडला की शिवाराचे पाणी हिच्यातूनच वाहते. ती चार महिने नाला आणि आठ महिने रस्ता असते. पांदणी पक्क्या करण्यासाठी 2018 साली पालकमंत्र्यांच्या नावाची योजना आली, 2021 साली मातोश्रींच्या नावाची आली, आणि काही पांदणींवर खरोखरच मुरूम पडला. मी सांगतो आहे ती गोष्ट त्याआधीची, 2013 च्या पावसाळ्यातली.

तो पावसाळा विदर्भातला शेतकरी विसरायचा नाही. जुलैत पाऊस थांबेचना. माझी पन्नाशी जवळ आली होती, पाठीने मोटारसायकलीविरुद्ध बंड पुकारले होते, आणि दोन वर्षांपूर्वी मी एक छोटी मोटार घेतली होती. शहरात लग्नकार्याला शोभेल अशी. एका रात्री नऊच्या सुमाराला फोन आला. कारंज्याकडच्या एका खेड्यातून. गाय सायंकाळपासून अडली होती; पाणमोट फुटून तीन तास झाले होते. गाय गवळाऊ जातीची. ही पांढरीशुभ्र, हलक्या अंगाची, चालायला चपळ जात म्हणजे आमच्या जिल्ह्याचे भूषण. तिच्या पैदाशीसाठी हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्रच आहे. आणि त्या घरी ती एकुलती एक दुभती होती.

डांबरी रस्ता संपेपर्यंत मी वेळेत होतो. पांदणीत शिरून दीडशे पावले गेलो असेन, मोटार पोटावर बसली. चाके फिरत होती, इंजिन ओरडत होते, आणि मोटार एखाद्या बसक्या बैलासारखी जागची हलत नव्हती. मी खांद्यावर पिशवी टाकली, बॅटरी घेतली आणि चालू लागलो. सलाइनच्या बाटल्या, वासरू कापून काढण्याची तारेची करवत, मोठा दिवा, सगळे मोटारीतच राहिले. दोन हातांत किती येणार? दोन किलोमीटर चालायला मला सव्वा तास लागला. चार वेळा पडलो.

वासराची मान मागे वळलेली होती आणि ते मेलेले होते. नुसत्या हाताने ते निघेना. करवत हवी होती. घरचा मुलगा मोटारीकडे धावला. तो येईतो गाईच्या अंगातला जोम संपत चालला होता, आणि तिला सलाइन लावायला हवे ते सलाइनही त्याच वाटेने येत होते. वासरू काढले. पहाटे चारच्या सुमाराला गाय गेली.

मी हात धुतले. त्या घरच्या बाईने काळा चहा आणून दिला. दूध घरात नव्हते, आणि का नव्हते हे मला विचारायचे नव्हते. मालकाने शंभराच्या दोन नोटा माझ्या खिशात घातल्या. मी त्या परत करू लागलो, तर तो म्हणाला, "असू द्या जी. तुमी तर आले होते ना." त्याने हे रागाने म्हटले असते तर मी झोपलो असतो. तो ते मनापासून म्हणाला. मी आलो होतो हे खरेच होते. माझे सामान आले नव्हते. त्या नोटा पुढे वर्षभर माझ्या डायरीत होत्या.

तर जीप काहून पाहिजे, याचे उत्तर हे होते. पण ते न्हाव्याच्या दुकानात सांगण्याजोगे नव्हते.

आता जीप म्हटली की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे एक चित्र येते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने 1941 पासून हे वाहन लाखांनी काढले. युद्ध संपले, आणि चाळिशीच्या अखेरीस महिंद्रांनी त्याच विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत जोडायला सुरुवात केली. 1952 साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि मग खेड्यात जीप म्हणजे सरकार असे समीकरण झाले. धूळ दिसली की पोरे म्हणत, "बीडीओ आला." आम्हांला वाटे, जीप म्हटली की ती कुठेही जाते. चिखल, नदी, डोंगर, तिला सारखेच. या एका समजुतीने आपल्याकडे किती लोकांना फसवले असेल कोण जाणे! कारण जीपसारख्या दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांची फक्त मागची दोन चाके कामाची असतात. पुढची दोन नुसती वळण्यापुरती.

हे ज्ञान मला आर्वीतल्या एका मिस्त्रीने दिले. वयाने माझ्याएवढाच, मी त्याला भाई म्हणतो. त्याच्या शेळ्या मी पाहतो, माझी वाहने तो पाहतो, आणि दोघांपैकी कोणीही बिल देत नाही. त्याने मला आपल्या दुकानातल्या एका उघड्या गाडीखाली पाठीवर झोपवले आणि शिकवणी घेतली. "हे पाहा डॉक्टरसाहेब, दोन चाकाची गाडी म्हणजे फक्त मागून ढकललेली बंडी. चार चाकाची म्हणजे पुढं बैलं ओढून राह्यले आन् मागून माणसानं खांदा लावला. समजलं?" समजले. इंजिनातून येणारी ताकद गिअरपेट्टीतून ट्रान्स्फर केसमध्ये जाते, तिथून एक दांडा मागे जातो, दुसरा पुढे. छोटी दांडी ओढली की पुढचा दांडा जोडला जातो. आणखी एक खाच आहे. तीत टाकले की गाडीचा वेग निम्म्याहून कमी होतो आणि ओढ दुपटीहून वाढते. चिखलात वेग कोणाला हवा असतो?

पण त्याने सांगितलेली खरी गोम निराळीच होती. ही चार चाके डांबरी रस्त्यावर जोडायची नसतात. वळणावर पुढची चाके लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा. आणि ट्रान्स्फर केसने दोघांना एकाच वेगाला बांधून टाकलेले असते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हे भांडण आपोआप मिटते. डांबरावर घसरायला जागा नाही, मग ते भांडण गिअरच्या दातांत जाते. म्हणून ज्याने हौसेने रोज चार चाके चालवली, त्याची गाडी आतून झिजलेली; आणि ज्याने दहा वर्षांत एकदाही ती जोडली नाहीत, त्याची दांडी गंजून अडकलेली. "मंग कोणाची घ्यायची?" मी विचारले. भाई गाडीखालून बाहेर सरकत म्हणाला, "ज्याले काम पडलं तवाच ज्यानं लावली, त्याची."

असा माणूस शोधणे आले. मी आणि भाई रविवारी रविवारी हिंडू लागलो.

पहिली गाडी नागपुरात. रंग नवा, आरशाला लोंबते, आणि मागच्या दारावर हातभर अक्षरांत "4×4" लिहिलेले. भाई खाली वाकला आणि लगेच उठला. पुढच्या आसाच्या मध्यावर भोपळ्यासारखा फुगवटा होता, म्हणजे गाडी जन्मतः चार चाकांचीच. पण त्या फुगवट्याकडे जाणारा दांडाच नव्हता. विकणारा अजिबात न लाजता म्हणाला, "आवाज करत होता म्हणून काढून ठेवला. पोत्यात आहे. पोत्यासकट देतो." घरच्या वडीलधाऱ्या माणसाची अशी गाठोड्यातली अवस्था मी प्रथमच पाहिली.

दुसरी वर्ध्याला, लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी. हिच्यावर मात्र माझे मन बसले. हलकी, सडपातळ, गवळाऊ कालवडीसारखी. जिप्सी चिखलावरून जाते ती ताकदीने नव्हे, वजन कमी म्हणून. मोकळ्या मैदानात मी ती चालवली आणि उतरताना मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटले. भाई काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर पुलगावला चहा घेताना त्याने फक्त दोन गोष्टी विचारल्या. लिलावाचा कागद ज्याच्या नावाचा आहे तो माणूस कुठे आहे? आणि रात्री दोन वाजता, खेड्यात, पेट्रोल कोण देईल? डिझेल ट्रॅक्टरवाल्याच्या घरी डब्यात असतेच. मी जिप्सीचा नाद सोडला, पण अजूनही एखादी जाताना दिसली की मान वळते. यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत.

तिसरी बोलेरो, चार चाकांची, हिंगणघाटच्या बाजूला. सगळे जागच्या जागी. दांडी सुरेख पडते. किंमत माझ्या आवाक्याबाहेर पाऊण लाखाने, पण मी मनात कर्जाचे आकडे मांडू लागलो होतो. भाईने पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट सैल केला आणि बोटावर तेल घेतले. तेल काळेभोर किंवा मधासारखे असायला हवे. बोटावर होता तो दुधाचा चहा! मला पुढे काही सांगावे लागले नाही. बिघडलेले दूध पाहून कासेचा रोग ओळखणे हा माझा रोजचा धंदा. तेलात पाणी गेले होते, म्हणजे गाडी आसापर्यंत पाण्यात उभी राहत होती. चौकशी केली तेव्हा कळले, ती नदीच्या पात्रात रेतीच्या कामावर होती. बाहेरून तिला एक ओरखडा नव्हता.

असे साडेतीन महिने गेले. दिवाळी आली. फराळाचे ताट पुढे ठेवताना सौभाग्यवतीने विचारले, "अहो, बैल पाहायला जाता तेव्हा आधी काय पाहता?"

"दात."

"खोटं. तुम्हीच सांगता, आधी मालकाचा गोठा पाहतो म्हणून. इथं मात्र आधी गाडीखाली शिरता."

मी चकली तोंडात घालून गप्प बसलो. बैलबाजारात दात मोजता येतात, खूर उचलून पाहता येतात, खांदा आला आहे की नाही हे जुवाच्या जागी हात फिरवून कळते. पण बैल कोणाच्या हाताखाली वळला, त्याला पहिल्यांदा जू लावताना कोणी मारले की चुचकारले, हे दातांवर लिहिलेले नसते. ते गोठ्यात दिसते. हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगत आलो. स्वतःच्या खिशातले पैसे जाण्याची वेळ आली तेव्हा विसरलो.

चौथी गाडी मी शोधली नाही. ती समोरच होती. कारंजा तालुक्यात संत्र्याच्या बागा असलेले एक घर आहे, तिथे मी पंधरा वर्षे जनावरांसाठी जात होतो. गोठ्याला लागून टिनाच्या छपराखाली एक जीप उभी असे. तिच्या टपावर कोंबड्या बसत. महिंद्राची एमएम 540, 1994 ची, प्यूजोच्या डिझेल इंजिनाची. मला ती कधी गाडी म्हणून दिसलीच नव्हती. गोठ्याचाच एक भाग वाटे. त्या घरच्या मुलाने सहज सांगितले की, ती काढून टाकायची आहे. म्हातारे बाबा, वय ऐंशीच्या घरात, खाटेवर बसून ऐकत होते.

मी या वेळी आधी गोठा पाहिला. पाहायचे काही नव्हते, पंधरा वर्षे पाहतच होतो. शेण भरलेले, गव्हाण स्वच्छ, बैलांच्या खांद्याला तेल. मग विचारले, "बाबा, हिची चार चाकं लागतात का?"

"अवसेले लागते."

मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. तो थट्टा करत नव्हता. अमावस्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी हा माणूस जीप काढी, दांडी ओढून चार चाके लावी, बागेला मातीवरून एक फेरा मारी आणि परत छपराखाली आणून ठेवी. एकोणीस वर्षे. "बैलाले सुट्टी असते, त्या दिवशी हिले काम. नाईतर विसरते ते."

भाई खाली शिरला. चारही टायर एका मापाचे, सारखे झिजलेले. तेल मधासारखे. चासीवर हातोडी वाजवली, आवाज खणखणीत. एका ठिकाणी, मागच्या पाट्याच्या कानापाशी, वेल्डिंग दिसले. तो तोंड उघडायच्या आत बाबा खाटेवरूनच म्हणाले, "ते मागं जोडलं आहे. 2006 ले. आन् डावीकडं पूर्ण वळवली का पुढून बोलते, कट् कट् करते. ते पाहून घ्या." आम्ही चालवून पाहिली. डावीकडे पूर्ण वळवली. कट् कट् बोलली. भाईने माझ्याकडे पाहून डोळे मिटले. त्याच्या भाषेत याचा अर्थ, ही घ्यायची. जॉइंट नवा टाकता येतो. खोड सांगून विकणारा माणूस नवा टाकता येत नाही.

भावाच्या वेळी मोठी गंमत झाली. मुलगा आकडा बोलणार तोच बाबांनी त्याला हटकले, खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटे धरली. बैलबाजारात दलाल असा सौदा करतात, ते मी जन्मभर पाहत आलो. माझा हात त्या दुपट्ट्याखाली कधी गेला नव्हता. अंगणात आम्ही चौघेच. कोणापासून लपवायचे होते? पण म्हाताऱ्याचा चेहरा इतका गंभीर होता की, मीही गंभीरपणे बोटे दाबली. तिथल्या तिथे पंधरा हजार कमी झाले. एक लाख पंचाहत्तर हजारांना जीप माझी झाली, आणि मी कशाला हो म्हटले हे मला मुलाने मोठ्याने आकडा सांगितल्यावर कळले.

कागदांचे फारसे सांगण्यासारखे नाही. नंबर एमएच 32, आमच्याच जिल्ह्याचा. बँकेचा बोजा नाही. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी जुळला. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर पाच वर्षांसाठी केलेली नोंद पुढच्या वर्षी संपत होती, म्हणजे फेरपासिंग आणि पर्यावरण कर माझ्या माथी. ते मी भरले. पुढे 2022 साली नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले तेव्हा, 2024 साली, तेही भरले. मास्तर म्हणाले होते ते दुखणे हेच असावे.

मास्तर जीप पाहायला आलेच. तिच्याभोवती काठी टेकत एक फेरी मारून त्यांनी गोष्ट सांगितली. सेवाग्रामची वाट चिखलाची होती त्या काळी, म्हणे, जमनालाल बजाजांकडच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून पाहुण्यांना नेत, आणि तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. जमनालालजींनी अखेरच्या दिवसांत गोसेवेचेच काम अंगावर घेतले होते. 1942 च्या फेब्रुवारीत ते वर्ध्यालाच गेले. "तेव्हा डॉक्टर," मास्तर म्हणाले, "बैलांशी वाकडं घेऊ नका. लागतील." आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या वर्षी, 2014 ला, पाऊसच उशिरा आला. जून कोरडा गेला. लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते आणि मी मात्र चिखलाची वाट पाहत होतो. याची मला लाजही वाटे. ऑगस्टात एका रात्री फोन आला. आवाज ओळखला. तेच खेडे, तेच घर. त्याने एक पहिलारू कालवड घेतली होती, ती अडली होती.

सगळे सामान जीपमध्येच असे. पांदणीच्या तोंडाशी थांबलो, छोटी दांडी ओढली, आणि भाईने शिकवले तसे पहिल्या गिअरात, क्लचला पाय न लावता, बैलाच्या चालीने निघालो. गेल्या वर्षी मोटार बसली होती ती जागा कधी गेली ते कळलेही नाही. जीप डावी-उजवीकडे डुलत होती, चारही चाके मातीची चाळणी करत होती, आणि ती पुढे जात होती. सव्वा तासाची ती वाट पंधरा मिनिटांत सरली. घराचा दिवा दिसू लागला. मधे फक्त एक नाला.

तिथे मी थांबलो. भाईचे दुसरे वाक्य असे होते की, दोन चाकांची गाडी फसली तर दोन चाकांएवढी फसते, चाराची चारांएवढी. उतरून काठीने पाहिले. काठी गुडघ्यावर गेली आणि तळ लागेना. दिवा समोर होता. जाऊ शकेन असे वाटत होते. असे वाटणे केवढ्याला पडते, ते मला ठाऊक होते. मी हॉर्न दिला. पलीकडून आवाज आला, "थांबा जी, बंडी आणतो." तो बैल जुंपूनच उभा होता. सलाइनची खोकी, करवत, दिवा, दोर, सगळे बंडीत चढले. मी वर बसलो.

वासराचा एक पुढचा पाय मुडपलेला होता, एवढेच. तो सरळ करायला पंचवीस मिनिटे लागली. करवत पिशवीतून निघालीच नाही. कालवड झाली, पांढरी, आणि घटकाभरात उभी राहायची धडपड करू लागली. या वेळी चहा दुधाचा नव्हताच, चीक फक्त वासराचा. पण शेजारून कपभर दूध आणले होते.

उजाडता परत आलो, तर जीप उभ्या जागी रात्रभरात चिखलात बसली होती. चार चाके लावली. चारही फिरली, चारही जागच्या जागी. मी खाली उतरलो. मालक काही न बोलता बैल घेऊन पुढे आला, दोर बंपरच्या हुकात अडकवला, आणि दोन हाका दिल्या. पुढे बैल, मागे त्याचा मुलगा खांदा लावून, मधे मी स्टिअरिंग धरून. जीप निघाली.

मी फी घेणार नव्हतो. डायरीतल्या त्या दोन नोटाही काढून त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या पाहिल्या, ओळखल्या की नाही कोण जाणे, आणि माझा हात मागे सारला.

"टोचनचे पैसे मी घेत नाई," तो म्हणाला, "आन् येण्याचे तुमी घेऊ नका. झालं." आणि बैलांच्या खुरांना लागलेला चिखल काठीने खरवडू लागला.